तळ्याकाठची दोन खोल्यांची शाळा

"सँभर कें बोलियो, भैया. इतै की बात साले साहब के घरै चाय पियत."

वाक्य आतून आलं. मी व्हरांड्यात सँडल काढत होते. दोन-तीन जण हसले आणि मी दारात दिसल्यावर हसणं आवरतं घेतलं. बोलले होते ते जाड भिंगांच्या चष्म्याचे हेडमास्तर. माझ्याकडे बघून त्यांनी मान हलवली. "आओ बिटिया, आओ. दरी हमने बिछा दी है." सतरंजी अंथरायचं माझं काम त्यांनीच करून टाकलं होतं. म्हणजे टोमणा माझ्यासाठी नव्हता. तो खिडकीपाशी एकट्याच बसलेल्या मास्तरांसाठी होता. त्यांचा मेहुणा शिक्षण खात्याच्या ब्लॉक ऑफिसात कारकून आहे, आणि इथलं बोलणं त्या मेहुण्याच्या घरी चहाला जातं, असं सुचवायचं होतं.

माझ्यासाठी नव्हता, म्हणून मला आधी हायसं वाटलं. त्या दुपारचं मला सगळ्यात जास्त खुपतं ते हे.

झाशीच्या प्रेम नगरमधली सरकारी प्राथमिक शाळा होती ती. शनिवार, मुलं घरी गेलेली. जिल्ह्यातल्या निरनिराळ्या सरकारी शाळांचे दहा मुख्याध्यापक महिन्यातून एकदा असे कुणाच्या तरी शाळेत जमतात. ट्रेनिंग नाही, साहेब नाही, भाषण नाही. शाळा चालवताना जे अडतं ते एकमेकांना सांगायचं आणि एकमेकांकडूनच शिकायचं. मी ज्या संस्थेत नोकरी करते तिने हा गट सुरू केला. माझं काम सतरंजी अंथरणं, घड्याळ बघणं आणि लिहून घेणं.

गटाची एक रीत आहे. फळा पुसायचं डस्टर ज्याच्या हातात, तो आपल्या शाळेत काय अडलंय ते सांगतो. बाकीच्यांनी फक्त प्रश्न विचारायचे. सल्ला द्यायचा नाही. जो सल्ला देईल त्याने सगळ्यांना चहा ओतून द्यायचा. पहिल्या दोन महिन्यांत चष्मेवाल्या हेडमास्तरांनीच दर वेळी चहा ओतला. "हम तो घर में भी यही करते हैं," ते केटली उचलत म्हणायचे, "पहले सलाह, फिर चाय." मोठ्या माणसांना प्रश्न विचारून गप्प बसणं इतकं कठीण जातं, हे मी तिथेच पाहिलं.

आणि एक नियम होता. बैठक सुरू होताना तो मी म्हणायचा. अख्ख्या बैठकीत मला मोठ्याने बोलावं लागे ते तेवढं एकच वाक्य. "यहाँ की बात यहीं रहेगी." मी ते वहीकडे बघत म्हणत असे. चार चेहऱ्यांसमोर बोलायचं म्हटलं की मी लहानपणापासून बुजते. कॉन्व्हेंटमध्ये बारा वर्षं मी तोंडी परीक्षेत कमी आणि निबंधात वर्गात पहिली असे. लिहिताना मला कुणी बघत नसे.

बड़ी दीदींनी आपली गोष्ट सांगितली तो दिवस मला नीट आठवतो. त्या गरौठ्याकडच्या एका गावातल्या शाळेच्या मुख्याध्यापिका. सगळे त्यांना बड़ी दीदी म्हणतात. बैठकीसाठी त्या पहाटेची बस धरून यायच्या आणि आल्या आल्या मला म्हणायच्या, "बिन्नू, पानी." बिन्नू म्हणजे बुंदेलीत घरातली लाडकी मुलगी. मला कुणी पाणी मागितलं की मी एरवी गोंधळते, त्यांनी मागितलं की बरं वाटायचं.

त्या दिवशी डस्टर त्यांच्याकडे आलं. त्यांनी ते मांडीवर ठेवलं आणि त्याचा खडू बोटाने झाडत राहिल्या. मग म्हणाल्या, शाळेत वाचनाची चाचणी घ्यायला वरून माणसं येणार होती. तिसरीतल्या ज्या मुलांना वाचता येत नाही त्यांना मी आदल्या दिवशी सांगितलं, उद्या येऊ नका. सगळी आली नाहीत. एक मुलगी आली. केसांना तेल लावून, रिबिनी बांधून आली. पाहुणे येणार हे तिला माहीत होतं ना. तिला मी फाटकातूनच परत पाठवलं.

"वो मुड़ के देखती गई," त्या म्हणाल्या. "तालाब तक देखती गई."

मग खिडकीपाशी बसणाऱ्या मास्तरांनी विचारलं, त्या मुलीला अक्षरं ओळखता येतात का? दुसऱ्या कुणी विचारलं, ती शाळेत किती वाजता येते? बड़ी दीदी म्हणाल्या, ती तर माझ्याही आधी येऊन पायरीवर बसलेली असते. हे बोलल्यावर त्यांनाच काहीतरी सापडल्यासारखं झालं. पुढच्या महिन्यात त्यांनी सांगितलं, आता सकाळी प्रार्थनेआधी मी तिला शेजारी बसवून वाचायला घेते. तिच्यामागून आणखी चौघं येतात. पुढच्या चाचणीला एकालाही घरी बसवणार नाही. चष्मेवाले हेडमास्तर सल्ला द्यायचं विसरले. त्या दिवशी चहा बड़ी दीदींनी हौसेने ओतला.

मी हे सगळं लिहिलं. दर तीन महिन्यांनी गटाचा रिपोर्ट द्यावा लागतो. आमचं ऑफिस सदर बाज़ारात, शाळेचे गणवेश विकणाऱ्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर आहे. तिथे खिडकीजवळच्या टेबलावर बसून मी ते पान इंग्रजीत लिहिलं. खरं तर रिपोर्ट हिंदीत दिला तरी चालेल, असं आमच्या मुख्य मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी इंग्रजी निवडलं. स्वतःला सांगितलं की मला ते चांगलं येतं.

बड़ी दीदींचं नाव मी अर्थातच घातलं नाही. पण गरौठ्याकडची शाळा, तळ्याच्या काठी, दोन खोल्यांची, हे घातलं. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली मुख्याध्यापिका, हेही. तेल लावलेले केस, रिबिनी आणि मागे वळून बघत जाणारी मुलगी, हे तर घातलंच. त्यावाचून पान चांगलं झालं नसतं. मॅडमनी ते उभ्यानेच वाचलं आणि म्हणाल्या, असं पान आपल्याकडे आजवर कुणी लिहिलं नव्हतं. लखनौच्या आमच्या मुख्य ऑफिसात जाणाऱ्या रिपोर्टच्या पहिल्या पानावर त्यांनी ते घेतलं. मी घरी ऑटोने न जाता चालत गेले. बाबांना सांगितलं. बाबा रेल्वेतून निवृत्त झालेले कारकून. त्यांनी त्याच संध्याकाळी फोनवरून दोन नातेवाइकांना कळवलं की मुलीचं इंग्रजी लखनौला गेलं.

रिपोर्टची एक प्रत शिक्षण खात्याच्या ऑफिसातही जाते. हे मला माहीत होतं. पत्त्यांची यादी मीच टाइप केली होती.

महिन्याभराने बड़ी दीदींना नोटीस आली. नोटिशीत लिहिलं होतं, संज्ञान में आया है. लक्षात आलं आहे. कुणाच्या, कसं, काही नाही. कमजोर मुलांना चाचणीच्या दिवशी गैरहजर ठेवलं याचं स्पष्टीकरण द्या, मुख्याध्यापकपद का काढून घेऊ नये ते सांगा. पुढच्या बैठकीला त्या आल्या नाहीत. नोटिशीचा फोटो गटाच्या व्हॉट्सअॅपवर फिरत होता. मी तो ऑफिसच्या जिन्यात उभी राहून वाचला आणि वरच्या पायरीवर बसले. खालच्या दुकानात एक बाई मुलाला मोठ्या मापाचा शर्ट घालून बघत होती. "दो साल चलेगा," दुकानदार म्हणत होता.

मी मॅडमकडे गेले. त्यांनी विचारलं, "नाम तो नहीं दिया था न?"

"नहीं."

"फिर? अगली बार तालाब मत लिखना."

बस, एवढंच. त्या वाईट नाहीत. त्यांना दुसरी मीटिंग होती.

गटातल्या लोकांनी आपलं आपण शोधून काढलं. ब्लॉक ऑफिसात कुणाचं कोण आहे? खिडकीपाशी बसणाऱ्या मास्तरांचा मेहुणा. झालं. मी रिपोर्ट लिहिते हे सगळ्यांना माहीत होतं, पण त्यात किती आले आणि कोणत्या विषयावर बोलणं झालं एवढंच असतं, असं मीच त्यांना सांगितलं होतं. माझ्यावर कुणी संशय घेतला नाही. जी मुलगी मान वर करून बोलत नाही ती चहाडी कशी करेल?

मास्तर आमच्यातलेच. म्हणजे झाशीतल्या जुन्या मराठी घरातले. गटात मी त्यांना सर म्हणते आणि गणपतीच्या आरतीला भेटले की काका. ते माझ्याशी मराठीत बोलतात, जुन्या वळणाच्या, "अगो" म्हणून हाक मारत. मी हिंदीत उत्तर देते. मराठी मला सगळी कळते, बोलायला गेले की क्रियापदं पायात येतात. आमच्या घरांत माझ्या वयाच्या बहुतेकांचं असंच आहे.

एके दिवशी जेवताना बाबा म्हणाले, "मास्तरांचं ऐकलंस का? कुणा बाईची चहाडी केली म्हणे. नोकरीवर आलंय तिच्या."

आई म्हणाली, "ते असं करायचे नाहीत हो."

"मलाही वाटत नव्हतं. पण मेहुणा ब्लॉकात आहे ना. बोलण्यात निघून गेलं असेल. तुमच्याच गटात आहेत ना ते, काय गं?"

माझ्या हातात पोळीचा तुकडा होता. मी म्हटलं, "पता नहीं, बाबा."

आई माझ्याकडे बघत राहिली. तिला वाटलं मला जेवण आवडलं नाही. तिने आणखी वरण वाढलं, आणि मी ते खाल्लं.

त्यानंतर आणखी एक बैठक झाली. मी नियमाचं वाक्य म्हटलं, वहीकडे बघत, नेहमीसारखं. डस्टर फिरलं. एकाने सांगितलं, आमच्याकडे सगळं ठीक आहे. दुसऱ्याने सांगितलं, हँडपंप दुरुस्त झाला. मास्तरांच्या हातात आलं तेव्हा सगळे दाराकडे बघू लागले. त्यांनी ते तसंच पुढे दिलं. कुणी प्रश्न विचारला नाही, म्हणून कुणी सल्लाही दिला नाही, आणि चहा कुणी ओतायचा हे ठरेना. शेवटी मी ओतला. मास्तरांच्या शेजारची जागा रिकामी होती. मी तिथेही एक कप ठेवला. मोजताना चुकले, दुसरं काही नाही.

बड़ी दीदींनी नोटिशीला उत्तर दिल्याचंही तेव्हाच कळलं. त्यांनी लिहून दिलं होतं, माझ्या शाळेत असं काही घडलेलं नाही. प्रकरण तिथे थांबेल, असं सगळे म्हणाले. अच्छा किया, दीदी ने. मला ते अच्छा वाटलं नाही. खोटं सोडायचं म्हणून ती बाई डस्टर हातात घेऊन दहा जणांसमोर बोलली होती. तिला मी ते पुन्हा सहीशिक्क्यानिशी लिहायला लावलं. आणि सकाळचं वाचन त्यांनी बंद केलं होतं. उगाच कुणाच्या डोळ्यांवर यायला नको, म्हणाल्या म्हणे. ती मुलगी पायरीवर अजून येऊन बसते का, हे मी कुणाला विचारू शकले नाही.

तर त्या शनिवारी प्रेम नगरच्या शाळेत मी आत जाऊन वही काढली. बड़ी दीदी येणार होत्या, दोन बैठका चुकल्यावर पहिल्यांदा. त्यांची बस उशिरा होती. मास्तरांनी तो टोमणा ऐकलाच असणार. थोड्या वेळाने ते उठले, पिशवी उचलली आणि बाहेर गेले. मागे कुणीतरी हळूच म्हणालं, "लो, रिपोर्ट देने गए."

मी पाणी आणायचं निमित्त करून बाहेर पडले. ते हँडपंपापाशी तोंड धूत होते. एका हाताने दांडा दाबायचा आणि दुसऱ्या हाताने पाणी घ्यायचं, त्यांना जमत नव्हतं. मी दांडा धरला. त्यांनी तोंड धुतलं, रुमालाने पुसलं.

"जाताय का?" मी विचारलं. मराठीत.

"जातो. राजीनामा असा नाहीच ना इथे? उठून गेलं की झालं." ते हसले. "दीदी यायच्या आत गेलेलं बरं. त्यांना अवघडल्यासारखं नको व्हायला."

मी दांडा सोडला नव्हता. म्हटलं, "काका, ते मी... मी लिहिलं होतं. रिपोर्टमधे. तळ्याचं वगैरे."

माझं मराठी जितकं मोडकं आहे तितकं मोडकं ते आलं. त्यांनी पिशवी खांद्याला अडकवली.

"ठाऊक आहे मला."

माझा हात दांड्यावरून सुटला.

"अगो, मी कुणाला बोललो नाही हे मला तरी ठाऊक असणार ना? मग राहिलं कोण? वही एकाच माणसाच्या हातात असते."

"मग तुम्ही... का नाही सांगितलं?"

"म्हटलं, सांगेल ती. या महिन्यात सांगेल. मग म्हटलं, पुढच्या महिन्यात." त्यांनी रुमालाची घडी केली, ती खिशात न ठेवता हातातच धरली. "गणपतीत तुझे बाबा मला बघून पलीकडच्या रांगेत गेले. तेव्हा वाटलं होतं, की त्यांना तरी सांगावं. पण मुलीचं बापाला काय सांगायचं?"

बाबा रांग सोडून गेले तेव्हा मी त्यांच्या बरोबर होते. प्रसादाची वाटी माझ्या हातात होती. मी काकांना नमस्कारही केला नव्हता.

"मला माफ करा," मी म्हटलं. मराठीत हे शब्द मी कधी कुणाला म्हटले नव्हते, ते कुणा दुसऱ्याचेच वाटले.

ते म्हणाले, "मला कशाला सांगतेस? आणि हे असं, हँडपंपापाशी, मराठीत? इथे आपल्या दोघांखेरीज कुणाला कळतं ते?"

त्यांचा आवाज चढला नव्हता. शाळेत एखाद्या मुलाचं गणित कुठे चुकलं हे दाखवावं तसं ते बोलले. मी तिथे उभी राहिले. माझ्या तळहातांना लोखंडाचा वास येत होता. कुंपणापलीकडे एक ऑटो थांबला आणि बड़ी दीदी उतरल्या. बारीक झाल्या होत्या. त्यांनी मास्तरांना बघितलं आणि पदर सावरत सरळ आत गेल्या. मला मात्र जाता जाता म्हणाल्या, "बिन्नू, पानी."

मी पाणी नेलं. त्यांनी पेला घेताना माझ्या हातावरून हात फिरवला. "ठंडे हैं हाथ," त्या म्हणाल्या. "चाय नहीं पी?"

सगळे सतरंजीवर बसले. चष्मेवाल्या हेडमास्तरांनी डस्टर मध्ये ठेवलं. मास्तर गेले नव्हते. ते दाराच्या चौकटीत पिशवी घेऊन उभे होते, अर्धे आत, अर्धे बाहेर. त्यांच्याकडे कुणी बघत नव्हतं. सगळे माझ्याकडे बघत होते, कारण पहिलं वाक्य माझं.

मी वही उघडली. ते वाक्य पहिल्या पानावर माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे, मी विसरेन म्हणून. मी ते वाचलं आणि तोंडातून निघेना. बड़ी दीदींनी मान हलवून मला धीर दिला. त्यांना वाटलं, नेहमीसारखी बुजली आहे.

"बोलो बिटिया," चष्मेवाले म्हणाले. "यहाँ की बात..."

आणि कुणीतरी दाराकडे बघून फिसकन हसलं.

मी वही बंद केली. मी डस्टर उचललं. ते उचलायचा मला हक्क नाही, ते मुख्याध्यापकांसाठी आहे. हातात धरायला काहीतरी हवं होतं. खडूची भुकटी माझ्या ओढणीवर पडली. मी बड़ी दीदींकडे बघितलं, वहीकडे नाही, आणि त्यांना कळेल अशा भाषेत म्हटलं,

"बड़ी दीदी, सर ने किसी से कुछ नहीं कहा. आपकी बात मैंने लिखी थी. अंग्रेज़ी में लिखी थी, क्योंकि मुझे पता था कि आप नहीं पढ़ेंगी."